भिजलेला डबा आणि दूरचं शोरूम

२०२४ साली पोळा २ सप्टेंबरला होता. आदल्या दिवशीच्या खांदेमळणीपासूनच परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात पाऊस असा कोसळला की फरशी पुलांवरून पाणी वाहू लागलं आणि गावोगावचे रस्ते तुटले. वर्षभरानं, सप्टेंबर २०२५ मध्ये, जायकवाडीतून सोडलेल्या पाण्यानं गोदावरी फुगली. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतल्या काठच्या गावांत पाणी शिरलं. सोयाबीन गेलं, कापूस गेला, माती खरवडून गेली. त्याचे पंचनामे झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण त्याच पाण्यात अंगणात, गोठ्याशेजारी किंवा पेट्रोल पंपाच्या आडोशाला उभ्या असलेल्या चारचाकीचं काय झालं, हे मालक आणि त्याच्या ओळखीचा वायरिंगवाला यांच्यापलीकडे कुणी विचारत नाही.

खेड्यातली गाडी आता हौसेची राहिलेली नाही. बाळंतीण दवाखान्यात न्यायची, मोंढ्यात हिशेबाला जायचं, शिक्षकानं तीस किलोमीटरवरच्या शाळेत वेळेवर पोचायचं, सगळं तिच्यावर. ती बंद पडली की घर अडतं.

अशा गाडीचं एक चित्र ठरलेलं आहे. पाणी बोनेटपर्यंत चढलेलं नसतं, सीटच्या खालीच थांबलेलं असतं. इंजिनाचं ऑइल स्वच्छ, एअर फिल्टर कोरडा. चावी फिरवली की मात्र वायपर आपोआप चालू होतात, सेंट्रल लॉक खटखट वाजत राहतं, मीटरवर निम्मे दिवे लागतात आणि सेल्फ घेत नाही. शोरूमला फोन केला तर उत्तर येतं: मॉड्यूल गेलं, पार्ट मागवावा लागेल, गाडी इकडे आणा. हे ‘इकडे’ म्हणजे काही कंपन्यांच्या बाबतीत परभणी शहर, बाकीच्यांसाठी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरचं नांदेड, नाहीतर दोनशेच्या आसपास असलेलं छत्रपती संभाजीनगर. पालमहून किंवा सोनपेठहून निघणाऱ्या माणसाला आधी टोचन करायला गाडी शोधावी लागते आणि रस्ता कधी सुरू होईल याची वाट पाहावी लागते.

‘बदलावं लागेल’ हे उत्तर दर वेळी खरं असतं का? माझ्या मते बऱ्याचदा नसतं. काही मॉड्यूलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डब्यांच्या, बाबतीत मात्र ते शंभर टक्के खरं असतं आणि तिथं काटकसर जिवावर बेतू शकते. हा फरक ओळखायला शोरूमच लागतं असं नाही. त्यासाठी ज्ञान लागतं, दोन-तीन साधी उपकरणं लागतात आणि पहिले दोन दिवस वाया न घालवण्याची सावधगिरी लागते.

एकेकाळी हा प्रश्नच नव्हता. मराठवाड्याच्या रस्त्यांवर माणसांनी लगडलेली कमांडर जीप ओढ्याच्या पाण्यातून निघायची, ब्रेक लायनर सुकेपर्यंत हळू चालायची आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा भरायची. तिच्या डिझेल पंपाला वीज लागायची ती फारतर इंजिन बंद करण्यापुरती. मग इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं कॉमन रेल डिझेल इंजिन आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे प्रदूषण निकष आले. त्याआधी २०१९ मध्ये एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. प्रत्येक पावलाबरोबर गाडीत एकेक डबा वाढला: इंजिनाचा ईसीएम, दिवे-वायपर-लॉक सांभाळणारा बीसीएम, एबीएसचा, एअरबॅगचा, पॉवर स्टिअरिंगचा. हवा स्वच्छ झाली, अपघातात जीव वाचू लागले. या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. डबे गावात आले आणि त्यांच्या दुरुस्तीचं ज्ञान शहरात राहिलं, ही तक्रार आहे. ट्रॅक्टरही त्याच वाटेवर आहेत. ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-चारचे प्रदूषण निकष लागू झाले आणि त्यांच्यात कॉमन रेलसोबत ईसीएम आला. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याहून लहान आहेत, म्हणून तिथं अजून वेळ आहे एवढंच.

पाणी डब्याला नेमकं कसं मारतं हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पाणी शिरलं आणि शॉर्ट झाला, एवढंच आपण धरून चालतो. शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक आहे. पुराचं पाणी शुद्ध नसतं. त्यात शेतातून वाहून आलेले खताचे क्षार असतात, गटाराचं पाणी असतं, आणि आपली काळी माती असते. या मातीतली चिकणमाती माँटमोरिलोनाइटच्या कुळातली, दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक कणांची. पाणी धरून ठेवणं हा तिचा स्वभावच आहे. म्हणून तर कोरडवाहू ज्वारी हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर येते. हाच स्वभाव सर्किट बोर्डावर घातक ठरतो. वरून बोर्ड सुकलेला दिसतो, पण चिपच्या पायांमध्ये मातीचा एक पातळ थर बसलेला असतो आणि रात्रीच्या दमट हवेतून तो पुन्हा ओल ओढून घेतो. गाडी दुपारी चालू होते, सकाळी होत नाही, याचं कारण पुष्कळदा इथं असतं.

आता त्या क्षारांच्या ओलीत वीज सोडली तर काय होतं, ते शाळेच्या प्रयोगशाळेत आपण पाहिलेलं आहे. पाण्याचं विघटन सव्वा व्होल्टच्या आसपास सुरू होतं, आणि गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. धन बाजूच्या पिनांचं तांबं विरघळतं, ऋण बाजूकडे सरकतं आणि दोन पायांच्या मधल्या मिलिमीटरभरापेक्षा कमी अंतरात धातूचे बारीक तंतू वाढू लागतात. हिरवट चुरा दिसतो तो विरघळलेल्या तांब्याचा. चावी काढली म्हणून हे थांबत नाही. बीसीएमला चोवीस तास वीज मिळत असते, नाहीतर रिमोटनं दार उघडलंच नसतं. म्हणजे पुरातून बाहेर काढून ‘सुकू दे दोन दिवस’ म्हणून बॅटरी जोडलेलीच ठेवलेली गाडी हे दोन दिवस स्वतःचं तांबं खात असते. माझ्या मते भिजलेल्या डब्यांचा खरा मारेकरी पूर कमी आणि ही जोडलेली बॅटरी जास्त आहे.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. बोनेटखालचा ईसीएम उघड्यावर असतो, म्हणून तो आधी जाईल असं वाटतं. पण तो उघड्यावर आहे हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून असे अनेक डबे सीलबंद असतात, थोडा वेळ पाण्याखाली तग धरतील असेच बनवलेले, आणि हवा येऊ-जाऊ देणारी पण पाणी अडवणारी छोटी पडदी त्यांना असते. केबिनमधला बीसीएम, स्टिअरिंगच्या डाव्या-उजव्या बाजूला पायांच्या वर लटकवलेला, साध्या प्लास्टिकच्या खटक्यांनी बंद केलेला असतो, कारण केबिन कोरडं राहील हे गृहीत धरलेलं असतं. काही गाड्यांत इंजिनाचा ईसीएमसुद्धा शेजारच्या सीटच्या पायाशी असतो. आणि एअरबॅगचा डबा तर गिअरच्या दांड्याखाली, थेट जमिनीला बोल्टनं आवळलेला. केबिनमध्ये वीतभर पाणी आलं तरी तो पहिला बुडतो.

पूर यावाच लागतो असंही नाही. काचेखालच्या जाळीत लिंबाचा पाला साचतो, निचऱ्याचं भोक बुजतं आणि पावसाचं पाणी आतल्या बाजूनं थेट फ्यूज बॉक्सवर उतरतं. एसीची नळी तुंबली की डाव्या पायाखालचा गालिचा महिनाभर ओला राहतो. उंदीर वायरींच्या रबरी बुचाला भोक पाडतात. वॉशिंग सेंटरवर गरम इंजिनावर जोराच्या फवाऱ्यानं पाणी मारलं की तापलेल्या डब्यातली हवा एकदम आकसते आणि सीलमध्ये जरा जरी फट असली तरी पाणी आत ओढलं जातं. बोनेट उघडून ‘सगळं चकाचक करा’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग पहिल्या दिवशी काय करायचं? सेल्फ मारायचा नाही. इंजिनात पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाना घेऊन बॅटरीची ऋण वायर काढायची. एवढी एक गोष्ट मालकाच्या हातात आहे, तिला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तिच्यासारखा उपयोगी उपाय दुसरा नाही. नंतर फोटो काढायचे: पाण्याची रेघ कुठपर्यंत आली, सीट किती भिजली, मीटर, नंबर प्लेट. मग सीट काढून गालिचा उचलायचा. गालिच्याखाली जाड स्पंज असतो, वरून कोरडा लागला तरी आठवडेच्या आठवडे पाणी धरून बसतो. तो बाहेर उन्हात टाकल्याशिवाय केबिन सुकत नाही आणि केबिन सुकल्याशिवाय स्वच्छ केलेला डबा परत लावण्यात अर्थ नाही.

गाडी बॅटरीवर धावणारी किंवा हायब्रिड असेल तर मात्र इथंच थांबावं. नारिंगी रंगाच्या जाड केबलींना हात लावायचा नाही. तिथं शोरूम कितीही दूर असलं तरी तेच योग्य ठिकाण.

डबा बाहेर काढून उघडण्याचं काम मालकानं करू नये, पण परभणीत ते करू शकणारे हात आहेत, हे मी ठामपणे म्हणतो. ते नेहमी ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात नसतात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतात. पाण्यात पडलेला मोबाइल उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून, गरम हवेच्या गनने चिप उचलून परत बसवणारा तरुण आता तालुक्याच्या बसस्टँडसमोर सापडतो. बीसीएमचा बोर्ड त्याच्या रोजच्या कामापेक्षा मोठा आणि सुटसुटीत असतो. त्याला गाडी कळत नाही, आणि गाडी कळणाऱ्या वायरिंगवाल्याला बोर्ड कळत नाही. या दोघांना एका टेबलावर बसवलं तर निम्मं काम झालं.

स्वच्छतेची पद्धत अशी. माती असेल तर आधी साध्या स्वच्छ पाण्यानं बोर्ड धुऊन घ्यायचा. भिजलेला डबा पुन्हा पाण्यानं धुवायचा हे ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो, पण वीज नसताना पाणी शत्रू नाही. माती आणि क्षार तिथंच सुकू देणं हे नुकसानाचं. नंतर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीच्या दुकानात बाटलीत मिळतं ते टॉप-अपचं पाणी. त्याच दुकानात ॲसिडही तसल्याच बाटलीत असतं, तेवढं लेबल वाचून घ्यावं. शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ दात-ब्रश. अल्कोहोल उरलेलं पाणी सोबत घेऊन उडून जातं. ते पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी आणि विडी-सिगारेट दूर. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये, बोर्डावरचं संरक्षक लेपन आणि प्लास्टिकचे कपलर त्यात विरतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय सोडून द्यावा. तांदूळ चिपखालचं पाणी ओढत नाही, वर पिठी चिकटवतो ती वेगळी.

सुकवताना घाई हाच धोका. ५०-६० अंश उष्णता पुरे, आणि एक-दोन दिवसांचा धीर. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत एवढं तापमान सहज मिळतं. रिले आणि मोठ्या चिपच्या पोटाखाली पाणी सर्वांत उशिरापर्यंत राहतं. मोबाइलवाल्याकडे अल्ट्रासॉनिकची छोटी टाकी असेल तर बीसीएमला ती चालते, पण धक्का किंवा वळण मोजणारा सेन्सर ज्या बोर्डावर आहे तो तिच्यात टाकायचा नाही. आतली सूक्ष्म यंत्रणा कंपनांनी मोडते. काही ईसीएमच्या आत पारदर्शक जेली भरलेली असते आणि तिच्याखाली केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा. तिथं ब्रशच काय, बोटही लावायचं नाही. असा डबा उघडूनच फसलेले कारागीर पुष्कळ.

भिंग लावून पाहिलं की बोर्ड स्वतःच बोलतो. हिरवा किंवा पांढरा चुरा बहुतेक वेळा जिथं कायम १२ व्होल्ट येतात त्या पिनांभोवती असतो. एखादी पिन मुळातून खाल्लेली, एखादी रेघ तुटलेली, एखादा रिले काळा. हे दुरुस्त होतं. बोर्डाच्या आतल्या थरांत गंज गेला असेल तर होत नाही, आणि ते कबूल करायला लाजू नये.

गाडीच्या बाजूनंही एक तपासणी अशी आहे की तिला फक्त मल्टिमीटर लागतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी कपलर असतो. गाडीतले डबे एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. बॉश कंपनीनं १९८०च्या दशकात आणलेली ही कॅन पद्धत. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. म्हणून बॅटरी काढलेली असताना ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या जवळ आकडा यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आला तर कुठला तरी डबा किंवा भिजलेला कपलर दोन्ही तारा एकत्र करतोय. मग एकेक डब्याचा कपलर काढत जायचं आणि आकडा कधी सुधारतो ते पाहायचं. स्कॅनर ‘संपर्क होत नाही’ एवढंच सांगतो तेव्हा हीच पद्धत वाट दाखवते. महागडा स्कॅनर नसलेल्या गॅरेजवाल्याला एवढं आलं तर चांगले डबे बदलण्याचे कितीतरी खर्च वाचतील. तारेच्या बाबतीत आणखी एक फसवणूक असते. पाणी कपलरमधून प्लास्टिकच्या आत, तांब्याच्या बारीक तारांमधून वर चढतं आणि हातभर अंतरावर दुसऱ्या कपलरला गंजवतं. तार सोलून आत काळं दिसलं तर तेवढा तुकडा कापून नवी तार जोडावी.

स्वच्छ केलेला डबा थेट गाडीत लावू नये. टेबलावर, करंटला मर्यादा घालता येणाऱ्या पॉवर सप्लायवर आधी पाहावा. विश्रांतीत गेलेला डबा काही मिलिअँपिअरवर यायला हवा. अर्धा अँपिअर खात बसला तर आत अजून काहीतरी बिघडलेलं आहे. सगळं ठीक निघालं तरी पुढचा पावसाळा जाईपर्यंत त्याच्याकडे संशयानं पाहावं. दुरुस्त करणाऱ्यानं हे ग्राहकाला आधीच सांगावं.

एअरबॅगच्या डब्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तो भिजला असेल तर बदलायचा. धुवायचा नाही, सुकवायचा नाही, भंगारातला लावायचा नाही, आणि मीटरवरचा लाल दिवा दिसू नये म्हणून बल्ब काढण्याचा तर विचारही करायचा नाही. अपघाताच्या क्षणी काही सहस्रांश सेकंदांत निर्णय घेणारी ही वस्तू आहे, आणि ती नीट आहे की नाही हे टेबलावर सिद्ध करण्याचं साधन आपल्यापैकी कुणाकडे नाही. पिवळ्या कपलरना हात लावण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबावं लागतं, कारण आतले कपॅसिटर भरलेले असतात. एबीएसच्या डब्यालाही जवळजवळ हाच नियम लावावा. वायपरचा डबा चुकला तर पावसात थांबावं लागतं. ब्रेकचा डबा चुकला तर थांबताच येत नाही.

आता समजा डबा खरंच गेला. नवा घ्यायचा तर पैसे भरायचे, वाट पाहायची आणि तो गाडीला ‘ओळखवून’ घ्यायला पुन्हा शोरूमचं सॉफ्टवेअर लागतं. दुसरा मार्ग जुन्या पार्टांचा: मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी. तिथून त्याच नंबरचा डबा येतो, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्हीचे नंबर जुळतात, तरी गाडी सुरू होत नाही. कारण चावीत एक चिप असते आणि ती चिप न ओळखणारा ईसीएम इंजिनाला परवानगी देत नाही. चोरी अडवणारी ही युक्ती मालकालाही अडवते. यावर कारागिरांचा उपाय म्हणजे भिजलेल्या मूळ डब्यातली स्मृतीची छोटी आठ पायांची चिप वाचायची आणि तिच्यातली माहिती जुळ्या डब्यात उतरवायची. चावीची ओळख, गाडीचा क्रमांक, काही गाड्यांत धावलेले किलोमीटरही त्या चिपवर असतात. काम कायदेशीर आहे, पण त्याच हातानं किलोमीटर मागे नेणं आणि चोरीची गाडी चालू करणंही जमतं. म्हणून पार्टाचं बिल घ्यावं, कामाची पावती घ्यावी आणि किलोमीटरच्या आकड्याला हात लावू देऊ नये.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा इथंच आहे. परभणीच्या कारागिराकडे हात आहे, डोळा आहे, पण वायरिंगचा नकाशा नाही, सॉफ्टवेअर नाही आणि अधिकृत लॉगिन नाही. हे आपोआप घडलेलं नाही, हे भारताच्या स्पर्धा आयोगानं दहाहून अधिक वर्षांपूर्वीच सांगितलं आहे. २०११ मधल्या एका तक्रारीवर चौकशी करून आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं म्हणजे बाजारावरच्या वर्चस्वाचा गैरवापर, असं आयोगाचं म्हणणं होतं. हे सगळं खुल्या बाजारात उपलब्ध करा आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेश दिले गेले. पुढे प्रकरण अपिलांत गेलं, दंडाचं मोजमाप बदललं, खटल्यांना वेगवेगळ्या वाटा फुटल्या. आदेशातला विचार मात्र आजही तितकाच खरा आहे, आणि त्याचा लाभ परभणीच्या जिंतूर रोडवरच्या गॅरेजपर्यंत पोचलेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं आणि वाहनं दोन्ही क्षेत्रं आहेत. पण कंपनीनं स्वखुशीनं टाकलेलं मॅन्युअल आणि कायद्यानं द्यावीच लागणारी माहिती यांत फार अंतर आहे. युरोपीय संघात वाहनांना मान्यता देण्याच्या नियमांतच स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देण्याचं बंधन आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये हा हक्क मतपेटीतून मिळवला.

चोरीची भीती कंपन्या पुढे करतात. ती खोटी नाही, पण तिच्यावर उत्तर निघालेलं आहे. अमेरिकेत कुलूप आणि चावीचं काम करणाऱ्यांची पडताळणी करून नोंदणी होते आणि नोंदलेल्या माणसालाच चावीच्या संकेतांची माहिती दिली जाते. कुणी, कुठल्या गाडीसाठी, कधी घेतली याची नोंद राहते. आपल्याकडे आरटीओ कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे, आयटीआय आहे, परभणीत तर कृषी विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. अशा एखाद्या संस्थेत पडताळणी झालेल्या कारागिराला भाड्यानं वापरता येईल असा एक अधिकृत स्कॅनर आणि लॉगिन ठेवायला किती खर्च येईल? एका पुरानंतर जिल्ह्यातून टोचन होऊन बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या भाड्यापेक्षा तो फार असेल असं मला वाटत नाही.

विम्याबद्दल थोडं, पण जपून वाचावं असं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काहीच मिळत नाही. स्वतःच्या नुकसानाचा विमा असेल तर पूर त्यात येतो. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन फुटलं तर ते मात्र वेगळं जोड-कवच नसताना बहुधा नाकारलं जातं. घसाऱ्याची कात्री लागते ती अशी: प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के, इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. कवच प्लास्टिकचं म्हणून अख्खं मॉड्यूल प्लास्टिकच्या रांगेत बसवलं आहे का, हे बिलात बारकाईनं पाहावं आणि तसं असेल तर लेखी विचारावं. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते.

खरी कोंडी वेगळी आहे. सर्वेअर येण्याआधी डबा उघडला तर दावा अडचणीत येतो, आणि पूर आलेल्या आठवड्यात सर्वेअर लवकर येत नाही. तोवर बोर्ड गंजतो. म्हणून त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा, व्हिडिओ काढावा आणि ‘गंज थांबवण्यासाठी डबा काढून सुकवत आहे’ असा लेखी संदेश पाठवून ठेवावा. नुकसान वाढू नये म्हणून योग्य ती काळजी घेणं हे पॉलिसीच्या अटींतच मालकाचं कर्तव्य आहे, त्याचा उल्लेख करावा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं आणि तिथं फी लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोग परभणीतच आहे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही यात सांगण्यासारखं आहे. मोठ्या पुरांनंतर भिजलेल्या गाड्या चकाचक होऊन दूरच्या जिल्ह्यांत स्वस्तात विकायला येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. अशा प्रत्येक पुरानंतरची काही वर्षं सावध राहावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ राहते. स्टेपनीखालचा खड्डा पाहा, सीटखालच्या बोल्टांचा गंज पाहा आणि फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून नाक जवळ न्या.

आणि डबा बदलायची वेळ आलीच तर जुना डबा शोरूमला परत देऊ नका, भंगारवाल्याला तर नाहीच. ‘पार्ट जमा करावा लागतो’ असं सांगतील. विम्यातून किंवा वॉरंटीतून बदलला असेल तर ते खरंही असेल. पण पैसे तुम्ही मोजले असतील तर तो तुमचा आहे. गाडीची ओळख त्याच्या आतल्या आठ पायांच्या चिपवर लिहिलेली आहे. उद्या नवा डबाही गेला तर दुरुस्त करणारा पहिल्यांदा तीच मागेल. अल्कोहोलनं पुसून, सुकवून, कोरड्या डब्यात, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून तो गाडीच्या कागदपत्रांशेजारी ठेवून द्या.